टॉवर कुठे उभारायचा, हे वर्गात ठरू द्या

मोबाइल कंपनी कशी चालते हे नोट्स उतरवून कळत नाही. दर कमी केला की ग्राहक वाढतात, ग्राहक वाढले की नेटवर्क तुंबते, नेटवर्क तुंबले की तोच ग्राहक पोर्ट करून दुसऱ्याकडे जातो. नवे टॉवर उभारायला पैसा हवा आणि तो त्याच कमी केलेल्या दरातून काढायचा असतो. हे चक्र फळ्यावर चार बाण काढून दाखवता येते. पण त्यात अडकलेला माणूस कसा विचार करतो, कुठे घाबरतो, कुठे लोभाला बळी पडतो, ते फळ्यावर येत नाही. म्हणून माझे म्हणणे आहे की लातूर, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर इथल्या एमबीए-बीबीएच्या वर्गांत दूरसंचार व्यवस्थापन बिझनेस सिम्युलेशनच्या, म्हणजे खेळून शिकायच्या व्यवसायाच्या रूपाने शिकवावे. आणि याहून महत्त्वाचे दुसरे म्हणणे असे, की तो खेळ बाहेरून आयता आणू नये. त्याचे नियम मराठवाडा समोर ठेवून इथेच लिहावेत.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून व्यवस्थापनाच्या शिक्षणात असे खेळ वापरले जातात. दूरसंचाराचा खेळ साधारण असा चालतो: वर्गाचे पाच-सहा गट करायचे, प्रत्येक गट म्हणजे एक मोबाइल कंपनी. सगळ्यांना सारखे भांडवल. खेळाची एक फेरी म्हणजे व्यवसायाची एक तिमाही. प्रत्येक फेरीत गटाने ठरवायचे की प्लॅन किती रुपयांचा, टॉवर किती आणि कुठे, स्पेक्ट्रमच्या, म्हणजे मोबाइलसाठी लागणाऱ्या रेडिओ लहरींच्या, लिलावात बोली किती, जाहिरातीवर किती, रिचार्ज विकणाऱ्या दुकानदाराला कमिशन किती, कर्ज घ्यायचे की नाही. सगळ्यांचे निर्णय एकत्र करून संगणक निकाल काढतो. कोणाचे ग्राहक वाढले, कोणाचे गेले, कोणाच्या हाती रोकड उरली ते दिसते, आणि लगेच पुढची तिमाही सुरू होते. महत्त्वाचे हे, की आपला निकाल आपल्या एकट्याच्या निर्णयावर ठरत नाही. बाकीच्या कंपन्यांनी त्याच वेळी काय केले यावरही तो ठरतो.

आपल्याकडच्या मुलांना याची गरज जास्त आहे असे मला वाटते, आणि त्याचे कारण आपल्या शिक्षणात आहे. ‘लातूर पॅटर्न’ने मराठवाड्याला मोठा आत्मविश्वास दिला. खेड्यातली मुले डॉक्टर-इंजिनिअर झाली, घरे उभी राहिली. ते यश खरे आहे आणि त्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण त्या पद्धतीत प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असते आणि ते उत्तरतालिकेत आधीच छापलेले असते. व्यवस्थापनात ते कुठेच छापलेले नसते. ९९ रुपयांचा प्लॅन बरोबर की चूक, हे समोरचा ८९ ला जातो की ११९ ला यावर ठरते. अशा प्रश्नाची सवय मुलांना लागायची तर वर्गातही समोर कोणीतरी खेळणारा हवा.

दूरसंचार हा विषय निवडण्यामागेही कारण आहे. गेल्या तीस वर्षांत भारतात इतक्या वेगाने वर गेलेला आणि इतक्या कंपन्यांना गिळलेला दुसरा धंदा सापडणे कठीण. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन लावला. २०१० च्या आसपास एकेका परवाना क्षेत्रात डझनभर कंपन्या सिमकार्ड विकत होत्या. २०२० पर्यंत सरकारी कंपन्या सोडल्या तर तीनच उरल्या. मधल्या काळात सेकंदाच्या हिशेबाने बिलिंग आले, नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर झाली, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले. आज वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या घरात या प्रत्येक टप्प्याची आठवण सांगणारे कोणीतरी आहे.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण माझा सगळा आग्रह त्यात आहे. मिस्ड कॉल. एक रिंग दिली की ‘पोहोचलो’, दोन दिल्या की ‘तू कर’, ही भाषा मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला येत होती. आपल्यासाठी ती पैसे वाचवण्याची युक्ती होती. कंपन्यांसाठी तिच्यामागे मोठा हिशेब होता. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला, की फोन करणाऱ्याच्या कंपनीने फोन घेणाऱ्याच्या कंपनीला मिनिटामागे ठरावीक पैसे द्यायचे असा नियम होता. इंटरकनेक्ट वापर शुल्क, धंद्यातल्या बोलीत आययूसी. हा दर १४ पैसे होता, तो ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे केला. आता कल्पना करा. एका कंपनीचे कॉल फुकट आहेत, दुसरीच्या ग्राहकाच्या फोनमध्ये बॅलन्स जेमतेम. तो दुसरा मिस्ड कॉल देणार आणि फुकटवाला परत फोन करणार. म्हणजे मिनिटे एकाच दिशेने वाहणार आणि पैसाही. तीन वर्षांत आपण इतर कंपन्यांना या शुल्कापोटी सुमारे १३,५०० कोटी रुपये दिले, असे जिओने २०१९ मध्ये सांगितले होते.

मग जिओने काय केले? आपल्याकडून जाणाऱ्या फोनची रिंग वाजण्याचा वेळ कमी केला. रिंग वीस-पंचवीस सेकंदांत थांबली, की समोरच्याला खिशातून फोन काढेपर्यंत उशीर होतो. तो मिस्ड कॉल बघून परत फोन करतो, आणि मिनिटांची दिशा उलटते. इतरांनीही मग आपली रिंग कमी केली. शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्रायला मोबाइलची रिंग ३० सेकंद वाजलीच पाहिजे असा आदेश काढावा लागला. शेतात विहिरीवर काम करणाऱ्या माणसाच्या फोनची रिंग किती वेळ वाजावी, हे दिल्लीतल्या पैशांच्या एका वादावर ठरत होते. १ जानेवारी २०२१ पासून हे शुल्कच शून्य झाले आणि वाद मिटला.

हा प्रसंग व्याख्यानात सांगितला तर मुले रस घेऊन ऐकतात, पण त्यातले तत्त्व त्यांच्या हाती लागत नाही. खेळात घाला. एका गटाला नवी कंपनी द्या, तिच्या ग्राहकांचे जाणारे कॉल जास्त आणि येणारे कमी ठेवा, प्रत्येक फेरीत शुल्कापोटी रोकड बाहेर जाऊ द्या. दोन तिमाह्यांनी त्या गटातली एखादी मुलगी स्वतःच विचारेल: सर, रिंग कमी वाजवता येते का? तो प्रश्न तिने विचारला की त्या दिवसाचे शिकवणे झाले. नियमातली फट व्यवसाय कसा शोधतो आणि ती बुजवायला नियामक का लागतो, हे तिने स्वतः शोधून काढलेले असते.

आता माझ्या दुसऱ्या म्हणण्याकडे येतो. बाजारात मिळणारे बरेच सिम्युलेशन परदेशी अभ्यासक्रमांसाठी बनलेले असतात. त्यातला ग्राहक दर महिन्याला बिल भरणारा पोस्टपेड ग्राहक असतो, वीज कधी जात नाही, रस्ता सगळीकडे असतो, आणि जिंकणे म्हणजे शेवटी सर्वांत जास्त नफा किंवा शेअरचा सर्वांत जास्त भाव. असा खेळ जसाच्या तसा नांदेडच्या वर्गात खेळवला तर काय होईल ते सांगतो. प्रत्येक गट, अगदी प्रत्येक गट, किनवट-माहूरचे डोंगर आणि बालाघाटातल्या वाड्या सोडून देईल. तिथे टॉवर उभारण्याचा खर्च जास्त, डिझेल पोहोचवण्याचा खर्च जास्त, ग्राहक कमी आणि रिचार्ज छोटा. आकडेमोडीत ते बरोबरच आहे. पण मग किनवटहून शिकायला आलेला मुलगा आपल्याच हाताने आपले गाव नकाशावरून वगळतो आणि त्याबद्दल त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात. व्यवस्थापन म्हणजे हेच, असे तो मनात धरून बाहेर पडतो. मला हे मान्य नाही. चूक मुलाची नाही, गुण मोजणाऱ्या सूत्राची आहे. ज्याने सूत्र लिहिले त्याने मुलाच्या डोक्यात बाजाराची व्याख्या लिहिली.

खऱ्या व्यवसायातही हे सूत्र कोणीतरी लिहिलेलेच असते, आणि ते मराठवाड्याला कसे लागू होते ते फार कमी विद्यार्थ्यांना माहीत असते. देश २२ परवाना क्षेत्रांत, म्हणजे सर्कलमध्ये वाटलेला आहे. महाराष्ट्र सर्कलमध्ये मुंबई नाही, पण गोवा आहे, पुणे आहे, नागपूर आहे आणि मराठवाड्याचे आठही जिल्हे आहेत. स्पेक्ट्रम विकत घ्यायचा तो सबंध सर्कलसाठी, एकाच किमतीला. तो वापरायचा कुठे जास्त, हे कंपनीच्या हाती. पैसा पुण्यात लवकर परत मिळतो, मग टॉवरही तिथे आधी दाट होतात. परवान्यांत नेटवर्क पसरवण्याच्या अटी असतात. ग्रामीण भागासाठी कंपन्यांच्या महसुलातून वेगळा निधीही काढला जातो, ज्याला आता ‘डिजिटल भारत निधी’ म्हणतात. या अटी आणि हा निधी खेळात नसेल तर खेळ अपुरा आहे. असेल, तर मुलांना कळेल की बाजार म्हणजे कोणाच्या हातात नसलेली नैसर्गिक गोष्ट नाही.

स्पेक्ट्रमचेच बघा. ७०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतींतूनही बरी शिरते, म्हणून विरळ वस्तीच्या भागात कमी टॉवरमध्ये काम भागते. मराठवाड्यासाठी हा पट्टा मोलाचा. पण २०१६ आणि २०२१ या दोन्ही लिलावांत तो कोणीही घेतला नाही, कारण राखीव किंमत, म्हणजे सरकारने ठरवलेली किमान बोली, कंपन्यांना परवडेना. २०२२ मध्ये किंमत उतरली तेव्हा एका कंपनीने तो घेतला. लिलावाची राखीव किंमत किती ठेवायची, हा दिल्लीतल्या एका कागदावरचा आकडा. त्याचा परिणाम पाटोद्याच्या शिवारात रेंज येते की नाही यावर होतो. खेळात राखीव किंमत ठरवण्याचे काम विद्यार्थ्यांच्याच एका गटाला द्यावे, असे मला वाटते. पाच गट कंपन्या, सहावा गट नियामक. सहाव्या गटालाही गुण, आणि तेही इतरांइतकेच.

रेंज हा आता चैनीचा विषय राहिलेला नाही. २०२० मध्ये शाळा बंद असताना मुले रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसत होती, हे आपण सगळ्यांनी पाहिले. पीकविम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत देण्याची अट कित्येक हंगाम होती. सोयाबीन काढणीला आले आणि अतिवृष्टी झाली, तर त्याच पावसात वीज जाते. टॉवरची बॅटरी काही तासांत संपते, आणि जनरेटरचे डिझेल घेऊन जाणारी गाडी ओढ्याच्या अलीकडे थांबते. ७२ तासांचे घड्याळ मात्र चालू असते. या एका प्रसंगात बॅटरी किती तासांची घ्यायची हा भांडवली खर्चाचा प्रश्न आहे, सेवेच्या दर्जाचा आहे आणि शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कमाईचाही आहे. अशी फेरी खेळात हवी. गटाने दोन तिमाह्या आधी बॅटरीवरचा खर्च वाचवला असेल तर या फेरीत त्याचे फळ दिसेल.

नियम लिहायला बसले की मराठवाडाच साहित्य पुरवतो. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. इकडचे टॉवर तेवढे महिने हलके होतात, कारखान्यांच्या परिसरातले भरून जातात. जे कर्नाटकात गेले ते दुसऱ्या सर्कलमध्ये गेले, म्हणजे कंपनीच्या हिशेबात दुसऱ्याच बाजारात. नवरात्रात तुळजापूर, हिवाळ्यात माळेगावची यात्रा, वर्षभर नांदेडचा गुरुद्वारा आणि परळी-औंढ्याचे भाविक. चार दिवसांच्या गर्दीसाठी कायमचा टॉवर उभारायचा, की ट्रकवरचा फिरता टॉवर भाड्याने आणायचा? सरासरी वापर बघून नेटवर्क बांधणारा गट तुळजापुरात पहिल्याच रात्री फसेल. नेटवर्क सरासरीसाठी बांधत नाहीत, सर्वांत गर्दीच्या तासासाठी बांधतात, हे त्याला पुन्हा सांगावे लागणार नाही.

आणि २८ दिवसांचा प्लॅन. वर्षाचे ३६५ दिवस २८ ने भागले तर तेरा रिचार्ज होतात, बारा नाही. तेराव्या रिचार्जचा पैसा कंपनीसाठी खरा महसूल आहे आणि गावातल्या घरासाठी खरा खर्च आहे. ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीने निदान एक तरी प्लॅन ३० दिवसांचा ठेवावा असे बंधन घातले. साधा बटनांचा फोन वापरणाऱ्या आजीला इंटरनेट नको असते, लेकीचा फोन आला की पुरते. तिलाही डेटाचे पैसे मोजावे लागत होते, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक देणे सक्तीचे झाले. असा पॅक कोणत्या किमतीला ठेवावा? फार स्वस्त ठेवला तर डेटावाले ग्राहकही खाली उतरतील. फार महाग ठेवला तर आजीचे सिम बंद पडेल. देशात एका ग्राहकामागे महिन्याची सरासरी कमाई २०० रुपयांच्या आगेमागे असताना हा प्रश्न अजिबात सोपा नाही. मला तर हा एकच प्रश्न एका तासिकेला पुरेसा वाटतो.

नियम मध्येच बदलण्याची फेरीही हवीच. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने परवाना शुल्क कोणत्या महसुलावर मोजायचे याचा निकाल कंपन्यांच्या विरोधात दिला, आणि कित्येक वर्षांची थकबाकी एकदम अंगावर आली. त्यामुळे जुलै-सप्टेंबर २०१९ च्या तिमाहीत व्होडाफोन आयडियाचा तोटा ५० हजार कोटी रुपयांच्या वर गेला. वादातल्या रकमेसाठी आधीच तरतूद करून ठेवणारी कंपनी आणि आशेवर राहणारी कंपनी यांतला फरक मुलांनी पोटात गोळा येऊन अनुभवावा. वर्गात तो अनुभव फुकट मिळतो.

खेळ म्हणजे टाइमपास, अभ्यासक्रम कधी पुरा करणार, असे सहकारी म्हणतात. त्यांना माझे उत्तर एवढेच की उजळणीच्या तासिका कमी करा. यापेक्षा गंभीर आक्षेप असा, की देशात खासगी कंपन्या उरल्या तीन, तर आपल्या मुलांना त्यांच्या मुख्य कार्यालयात बसवणार कोण? खरे आहे. आपली बहुतेक मुले टेरिटरी सेल्समध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या भागातल्या विक्रीत लागतात, कोणी वितरक होते, कोणी टॉवर देखभालीचे कंत्राट घेते, पुष्कळ जण या क्षेत्राकडे फिरकतही नाहीत. पण तोट्यातल्या गावाला सेवा द्यायची की नाही, दिली तर पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न एसटीच्या मुक्कामी गाडीत आहे, बँकेच्या शाखेत आहे, दूध संकलनाच्या केंद्रात आहे. मराठवाड्यात व्यवस्थापन करणाऱ्याला तो टाळताच येणार नाही.

पैशांचा आक्षेप मी मानत नाही. परदेशी सॉफ्टवेअरचा परवाना घ्यायची गरजच नाही. पाच कंपन्यांचे निर्णय घेऊन ग्राहकांची विभागणी करणारे गणित स्प्रेडशीटमध्ये बसते. सूचना मराठीत लिहिता येतात, आणि लिहाव्यातच, कारण नियम न समजल्यामुळे हरलेला गट काहीच शिकत नाही. हवा आहे तो वेळ आणि धंदा आतून पाहिलेली माणसे. तीही आहेत. २०२० च्या जानेवारीअखेर बीएसएनएलमधून देशभरात सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांपैकी किती तरी अभियंते आणि तंत्रज्ञ आपल्या जिल्ह्यांच्या गावी राहतात. कोणत्या डोंगरामुळे कोणत्या गावाची रेंज अडते, बॅटऱ्या कुठे चोरीला जातात, डिझेलचा हिशेब कुठे गळतो, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? लॅपूवरून, म्हणजे दुकानदाराच्या रिचार्जच्या खास सिमवरून, रिचार्ज करून देणारा चौकातला दुकानदारही बोलवावा. कमिशनमधला थोडासा फरक कोणते सिम पुढे सरकवतो, ते तोच सांगू शकेल.

गुणांबद्दल माझा आग्रह ठाम आहे: पहिल्या येणाऱ्या गटाला त्यासाठी जास्त गुण देऊ नयेत. नशिबाने जिंकणारे गट असतात. शिवाय शेवटची फेरी माहीत असली की सगळे गट देखभाल आणि गुंतवणूक बंद करून नफा फुगवतात. म्हणून शेवटची फेरी कोणती ते आधी सांगूच नये, आणि गुण द्यावेत ते प्रत्येक फेरीनंतर लिहिलेल्या एका पानाला. आम्ही काय ठरवले, का ठरवले, काय अपेक्षा होती, काय झाले. हरलेल्या गटाचे असे पान अनेकदा जास्त शिकवणारे निघेल.

आणि खेळ दोनदा खेळवावा. पहिल्यांदा जिंकण्याचे सूत्र फक्त नफा. दुसऱ्यांदा तेच गट, तेच भांडवल, पण परवान्यात दुर्गम गावांची अट, निधीतून अनुदान, आणि बंद टॉवरच्या तासांना दंड. दोन्ही वेळा शेवटी टॉवर कुठे उभे राहिले त्याचे मराठवाड्याचे दोन नकाशे छापून शेजारी शेजारी लावावेत. दुसऱ्या नकाशासाठी किती खर्च आला आणि तो कोणी सोसला, ग्राहकाने, भागधारकाने की सरकारने, याचा ताळेबंद मुलांनीच मांडावा. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड या दोन्ही विद्यापीठांच्या व्यवस्थापन अभ्यास मंडळांनी ठरवले तर असा एक सामायिक खेळ तयार करून सगळ्या संलग्न महाविद्यालयांना विनामूल्य देता येईल. सुरुवात मात्र त्याची वाट न पाहता एखाद्या महाविद्यालयातल्या दोन शिक्षकांनी येत्या सत्रात, एका स्प्रेडशीटवर, एका तालुक्याच्या नकाशाने करावी.